टी-मोबाइल जी१ची प्रणाली हाताने बदलताना

एचटीसीने बनवलेला आणि अमेरिकेत २२ ऑक्टोबर २००८ रोजी टी-मोबाइल जी१ या नावाने विक्रीला आलेला फोन हा अँड्रॉइडवर चालणारा बाजारातला पहिला फोन. त्याचेच दुसरे नाव एचटीसी ड्रीम. सरकवून उघडायचा पाच ओळींचा कळफलक, खाली फिरता ट्रॅकबॉल, ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १९२ एमबी रॅम एवढ्या सामग्रीवर तो चालत असे. माझ्याकडचा फोन मावसभावाने अमेरिकेहून येताना आणला होता. असा एखादा फोन कुणाच्या कपाटातून निघाला आणि त्याची प्रणाली स्वतःच्या हाताने बदलून पाहावी असे वाटले, तर काय करावे आणि काय मुळीच करू नये, ते पुढे सांगितले आहे. रोजच्या वापरासाठी किंवा बँकेच्या व्यवहारासाठी हा फोन आता उपयोगाचा नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

आज्ञा पाठ करण्याआधी फोनमधील सॉफ्टवेअरचे चार थर ओळखून घ्यावेत. सर्वांत वर मुख्य प्रणाली असते, म्हणजे पडद्यावर दिसणारे अँड्रॉइड. तिच्या शेजारी रिकव्हरी नावाची लहानशी स्वतंत्र प्रणाली असते, जी मुख्य प्रणाली बसवण्याचे आणि पुसण्याचे काम करते. तिसरा थर रेडिओचा, म्हणजे मोबाइल जाळ्याशी बोलणाऱ्या भागाच्या सॉफ्टवेअरचा. सर्वांच्या तळाशी बूटलोडर, ज्याला या फोनच्या संदर्भात एसपीएल म्हणण्याची पद्धत आहे. पहिले दोन थर कितीही बिघडले तरी घरबसल्या दुरुस्त होतात. खालचे दोन चुकीच्या क्रमाने बदलले, तर फोन ब्रिक होतो आणि सर्किटला थेट उपकरण जोडल्याशिवाय पुन्हा जागा होत नाही.

तयारीकडे वळू. बॅटरी फुगलेली नसावी आणि कामाला हात घालण्यापूर्वी ती पूर्ण भरलेली असावी. चार्जिंगचे छिद्र एचटीसीच्या स्वतःच्या घडणीचे असले, तरी त्यात साधी मिनी-यूएसबी केबल बसते. आजच्या फोनची केबल चालत नाही. मेमरी कार्ड संगणकावर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावे आणि लागणाऱ्या सर्व फाइली कार्डाच्या मुळाशी ठेवाव्यात, फोल्डरमध्ये नव्हे. प्रत्येक फाइलची एमडी५ बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली आकडे-अक्षरांची ओळखखूण, ती जिथून घेतली तिथे दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये हे काम सर्टयुटिल ही आज्ञा करते. पंधरा वर्षे या संगणकावरून त्या संगणकावर फिरलेल्या फाइली अर्धवट उतरलेल्या असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून हा सोपस्कार टाळू नये.

फाइलच्या नावाबाबत एक सूचना स्वतःच्या फजितीतून देतो. मूळ रिकव्हरीला कार्डावर ‘अपडेट डॉट झिप’ एवढ्याच नावाची फाइल हवी असते. विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवत असल्यामुळे मी पूर्ण नाव टंकले आणि प्रत्यक्षात फाइलचे नाव ‘अपडेट डॉट झिप डॉट झिप’ झाले. फोन सारखा फाइल सापडत नसल्याचे सांगत होता आणि मी मात्र संध्याकाळभर कार्डाला दोष देत एकामागून एक तीन कार्डे बदलली. नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी सेटिंग संगणकावर आधी करावी आणि मगच नाव बदलावे.

आता फोनची सध्याची स्थिती नोंदवावी. फोन बंद करून कॅमेऱ्याची कळ आणि लाल कळ एकत्र दाबून धरली की बूटलोडरचा पडदा येतो. त्यावर एचबूट (म्हणजे बूटलोडरची आवृत्ती) आणि रेडिओ अशा दोन ओळी असतात. मूळ अमेरिकी फोनवर एचबूटपुढे ०.९५.०००० असा आकडा आढळतो. दोन्ही आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

केवळ अधिकृत प्रणालीच वरच्या आवृत्तीला न्यायची असेल, तर काम सोपे आहे. अधिकृत झिप फाइल वर सांगितलेल्या नावाने कार्डावर ठेवावी, फोन बंद करावा आणि होम व लाल कळ दाबून धरून तो सुरू करावा. पडद्यावर फोनचे चित्र आणि उद्गारचिन्ह असलेला त्रिकोण दिसतो. पुष्कळ जण इथे घाबरून बॅटरी काढतात. पण तो बिघाड नसून रिकव्हरीचा दरवाजाच आहे. कळफलक उघडून ऑल्ट आणि एल दाबले की यादी दिसते, ऑल्ट आणि एस दाबले की फाइल बसू लागते, आणि काम संपल्यावर होम व बॅक दाबले की फोन पुन्हा सुरू होतो. मूळ रिकव्हरी केवळ अधिकृत सही असलेलीच फाइल स्वीकारते, आणि काही अधिकृत फाइली पूर्ण नसून फक्त बदलांच्या असतात. त्या आधीच्या एका ठरावीक आवृत्तीवरच बसतात. या मार्गाने हा फोन जास्तीत जास्त अँड्रॉइड १.६ पर्यंत जातो.

स्वतःच्या पसंतीची प्रणाली बसवायची, तर हा सहीचा पहारा उठवावा लागतो, आणि त्यासाठी फोनला पुढे नेण्याऐवजी आधी मागे न्यावे लागते. आरसी२९ या सुरुवातीच्या आवृत्तीत एक अजब चूक राहून गेली होती. कळफलकावर टंकलेला प्रत्येक शब्द पडद्यावर उमटतच असे, शिवाय तो पडद्यामागे सर्वाधिकार असलेल्या आज्ञापटलालाही पोहोचत असे. एखाद्याने संदेश लिहिताना नव्या ओळीवर ‘रीबूट’ एवढाच इंग्रजी शब्द टंकून एंटर दाबले, तर फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होई. नोव्हेंबर २००८ मध्येच आरसी३० आवृत्तीने ही चूक दुरुस्त केली. आपल्याला मात्र तीच चूक हवी आहे. ब्रिटनमध्ये विकलेल्या फोनसाठी हीच भूमिका आरसी७ बजावते.

आरसी२९ची फाइल एनबीएच प्रकारची असते. तिचे नाव डी, आर, ई, ए, आय, एम, जी या सात अक्षरांचेच असावे लागते. ती कार्डावर ठेवून बूटलोडर उघडला की फोन ती स्वतः ओळखतो आणि पुढे जाण्यासाठी कोणती कळ दाबायची ते पडद्यावर सांगतो. या क्रियेत फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एनबीएच फाइल केवळ प्रणाली मागे नेत नाही, तर रेडिओही जुना करते. फोनवर आधी नवा रेडिओ असला, तरी आता तो राहिलेला नाही. कागदावरचा रेडिओचा आकडा इथे खोडून बूटलोडरच्या पडद्यावर दिसणारा नवा आकडा लिहावा. त्या काळी ब्रिक झालेल्या कितीतरी फोनांच्या मुळाशी एवढीच नोंद न करणे होते.

मागे नेलेला फोन सुरू झाल्यावर गूगल खात्याची मागणी करतो आणि वाय-फायच्या सेटिंगपर्यंत जाऊ देत नाही. इथे वरची चूकच कामी येते. कळफलक उघडून एंटर दाबावे, मग इंग्रजी अक्षरांत, सर्व लहान लिपीत, ‘सेटप्रॉप पर्सिस्ट.सर्व्हिस.एडीबी.इनेबल’ असे टंकून एक जागा सोडून १ लिहावा आणि पुन्हा एंटर दाबावे. पडद्यावर काही घडल्यासारखे दिसत नाही, परंतु संगणकाशी बोलण्याचा एडीबी मार्ग उघडलेला असतो. संगणकावरच्या एडीबीतून एएम स्टार्ट या आज्ञेने सेटिंग्ज उघडाव्यात आणि फोन घरच्या वाय-फायला जोडावा.

त्यानंतर एंटर दोनदा दाबून ‘टेलनेट’ (जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राला आज्ञा देण्याची सोय) या शब्दाला ‘डी’ अक्षर जोडून टंकावे आणि एंटर दाबावे. मध्येच संपर्कयादीचा शोध उघडला तर तिकडे लक्ष देऊ नये. आता संगणकावरून फोनच्या आयपी पत्त्याला, पोर्ट २३ वर, टेलनेटने जोडले की जे आज्ञापटल मिळते त्याच्या सुरुवातीला हॅश चिन्ह असते. ते चिन्ह म्हणजे रूट, अर्थात फोनवरचे सर्वाधिकार. डॉलर चिन्ह दिसले, तर पायरी नीट झालेली नाही असे समजून पुन्हा टंकावे.

रूट मिळाल्यावर पहिले काम म्हणजे रिकव्हरी बदलणे. अमोन-आरए नावाची रिकव्हरी या फोनसाठी मला सर्वांत सोयीची वाटली, कारण तिची यादी ट्रॅकबॉलने चालते. तिची इमेज फाइल कार्डावरून फ्लॅश-इमेज या आज्ञेने रिकव्हरीच्या विभागात लिहावी. मात्र तेवढ्यावर थांबू नये. मूळ प्रणाली दर वेळी सुरू होताना सिस्टिम विभागात जपून ठेवलेली जुनी रिकव्हरी पुन्हा जागेवर लिहून टाकते. म्हणून सिस्टिम विभाग लिहिण्यायोग्य करून तिथल्या रिकव्हरी डॉट आयएमजी या फाइलवरही आपली फाइल चढवावी. हे केले नाही, तर आपण बसवलेली रिकव्हरी एकदाच दिसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तो त्रिकोण समोर येतो.

नवी रिकव्हरी होम आणि लाल कळीने उघडून सर्वप्रथम नॅन्ड्रॉइड बॅकअप, म्हणजे फोनमधील प्रणाली आणि माहितीची संपूर्ण प्रत, घ्यावा. तो कार्डावर साठतो; कार्ड खराब होऊ शकते, म्हणून त्याची एक प्रत संगणकावरही ठेवावी.

आता रेडिओ. या फोनसाठी २.२२.१९.२६आय ही आवृत्ती घ्यावी. तिची झिप रिकव्हरीतून निवडली की फोन पुन्हा सुरू होताना पडद्यावर चिपचे आणि बाणाचे चित्र दाखवतो व नंतर आपोआप पुढे जातो. या काळात फोनला हात लावू नये, केबल हलवू नये आणि कितीही वेळ लागला तरी बॅटरी काढू नये. त्यानंतर बूटलोडरच्या पडद्यावर आकडा खरोखर बदलला की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

जुने मार्गदर्शन वाचताना एसपीएल १.३३.२००५ बसवण्याची शिफारस वारंवार दिसेल. ते एचटीसी मॅजिक या भावंड फोनवरून आलेले आहे आणि मुख्य प्रणालीसाठी जास्त जागा मोकळी करते, म्हणून त्याचा मोह पडतो. जुन्या रेडिओवर ते चढवले की जी१ त्याच क्षणी कायमचा निपचित पडतो. ‘डेंजर एसपीएल’ हे नाव त्याला उगाच मिळालेले नाही. अँड्रॉइड १.६ वर आधारलेल्या प्रणालीला त्याची गरज नाही. माझे स्पष्ट मत आहे की हौसेसाठी ठेवलेल्या फोनवर ते बसवूच नये.

प्रणाली म्हणून सायनोजेनमॉडची ४.२.१५.१ ही आवृत्ती घ्यावी. ती बसवताना दोन फाइली का लागतात, असा प्रश्न पडतो. स्टीव्ह कॉन्डिक यांच्या या प्रणालीत सुरुवातीला गूगलची स्वतःची ॲप्सही असत. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्यांना ती वाटण्यास कायदेशीर नोटिशीने मनाई केली. मग तोडगा असा निघाला की एचटीसीने विकासकांसाठी दिलेली १.६ ची मूळ फाइल वापरकर्त्याने स्वतः बसवावी आणि तिच्यावर सायनोजेनमॉड चढवावे. म्हणून रिकव्हरीत आधी सर्व माहिती पुसावी, मग एचटीसीची फाइल बसवावी आणि मध्ये फोन पुन्हा सुरू न करता लगेच सायनोजेनमॉडची फाइल बसवावी. मध्येच फोन सुरू झाला, तर सारे पहिल्यापासून करावे. पहिल्यांदा सुरू होताना फोन बराच वेळ बोधचिन्हावर थांबतो, ते स्वाभाविक आहे.

ॲप्ससाठी फोनमध्ये जेमतेम ७५ एमबीचा विभाग आहे. रिकव्हरीतूनच कार्डाचे विभाजन करून ५०० एमबीच्या आसपास एक्स्ट प्रकारचा दुसरा विभाग केला की सायनोजेनमॉड ॲप्स आपोआप तिकडे ठेवते. विभाजनात कार्ड पुसले जाते, तेव्हा बॅकअपची प्रत संगणकावर गेली असल्याची खात्री आधी करावी.

मराठी वाचकाला पुढचा प्रश्न हमखास पडेल, तो देवनागरीचा. या प्रणालीत देवनागरी फाँट नसल्यामुळे मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसतात. सिस्टिम विभागातील फाँट्स फोल्डरमध्ये ड्रॉइड-सॅन्स-फॉलबॅक ही फाइल असते. तिच्या जागी देवनागरी अक्षरे असलेला फाँट त्याच नावाने ठेवला की चौकोन जाऊन अक्षरे दिसू लागतात. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवावी, नवी फाइल मूळ फाइलीपेक्षा मोठी नसावी आणि तिची परवानगी ६४४ ठेवावी, नाहीतर प्रणालीला ती वाचता येत नाही. अक्षरे दिसली तरी जुळणी होत नाही. ‘मराठी’ हा शब्द व्यवस्थित दिसतो. पण ‘किती’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येते आणि पुढच्या ‘त’वर झुकते, आणि ‘प्रत’ शब्द ‘प’, मोडका पाय, ‘र’ आणि ‘त’ असा सुटा सुटा वाचावा लागतो. अक्षरे जोडणारी यंत्रणाच या आवृत्तीत नसल्यामुळे कोणताही फाँट आणला तरी हा दोष जात नाही. नव्या फाँटमुळे फोन सुरूच होईना, तर रिकव्हरीत जाऊन एडीबीने जुनी फाइल परत ठेवावी. त्यासाठी संपूर्ण बॅकअप उलटवण्याची गरज पडत नाही.