रात्री ॲपल सायडर व्हिनेगर घ्यायचंच असेल तर असं घ्या

आमच्याकडे ही बाटली मावशीमुळे आली. तिला कुणीतरी सांगितलं की झोपताना दोन चमचे घेतलं की सकाळची फास्टिंग शुगर खाली येते, मग तिने बाबांसाठी पण एक आणली आणि चव बघू म्हणून पहिल्या रात्री मीच पाणी न घालता एक चमचा तोंडात टाकला. घशापासून छातीपर्यंत अशी आग झाली की अर्धी रात्र उशीला टेकून बसून काढली. तर हे असं अजिबात करू नका.

आधी हे झोपतानाचं खूळ आलं कुठून ते सांगते. अमेरिकेत ॲरिझोनाला एक छोटा प्रयोग झाला होता, 2007 मध्ये छापून आला, टाइप 2 डायबेटिसची 11 माणसं, तीसुद्धा इन्सुलिनवर नसलेली, आणि झोपायच्या आधी दोन मोठे चमचे व्हिनेगर सोबत चीजचा तुकडा. सकाळची शुगर सरासरी 4 टक्के उतरली, व्हिनेगरऐवजी पाणी दिलं तेव्हा 2 टक्के. म्हणजे 150 असेल तर 144. एवढंच बरं का, आणि मावशीच्या ग्रुपवर मात्र गोळ्या सुटल्या म्हणून मेसेज फिरतायत.

आता कसं घ्यायचं. चमच्याचा घोळ आधी मिटवा, कारण आपल्या घरात चहाचा, पोह्याचा, वाढायचा असे सतरा चमचे असतात. खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं ना रेघा असलेलं, ते धुवून घ्या आणि त्यात 5 एमएल मोजा. आठवडाभर एवढंच. पोट कुरकुरलं नाही तर हळूहळू 15 पर्यंत जा, मी तरी त्याच्या वर जाणार नाही. बाटली हलवून घ्या, खाली कोळिष्टकासारखं जे तरंगतं ते मदर, म्हणजे व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंचा साका, ते खराब झालेलं नसतं. मग मोठा पेला भरून साधं पाणी, त्यात हे, आणि स्ट्रॉने प्या. मध घालू नका, शुगर उतरवायला निघालोय आणि वर मध काय!

वेळ महत्त्वाची. झोपताना म्हणजे पलंगावर बसून नाही. आमचं जेवण साडेआठला होतं, बाबा नऊला घ्यायचे आणि आडवे व्हायचे अकराला. घेतल्या घेतल्या आडवं झालं की ॲसिड वर येतं.

आणि दात! याबद्दल कुणी बोलत नाही. पाणी कितीही घातलं तरी आंबट ते आंबटच राहतं, दातांवरचं इनॅमल त्याने मऊ पडतं आणि झोपेत तोंडात लाळ कमी सुटते त्यामुळे ते ॲसिड धुऊनही जात नाही. म्हणून पिऊन झालं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, लगेच ब्रश करू नका कारण मऊ पडलेलं इनॅमल घासून निघतं, अर्धा तास जाऊ द्या, मग ब्रश.

कुणी घेऊच नये ते पण सांगते. ज्यांना ॲसिडिटी किंवा अल्सर आहे, किडनीचा त्रास आहे. डायबेटिस जुना असेल आणि जेवण पोटात तासन् तास पडून राहतं असं वाटत असेल तर त्यांनी पण नाही, व्हिनेगरने पोट आणखी हळू रिकामं होतं. इन्सुलिन, शुगरच्या गोळ्या, लघवीची गोळी किंवा हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नका, रात्री झोपेत शुगर खाली गेली तर कळत पण नाही. जास्त घेतलं की जास्त फायदा असंही नाही, एका 28 वर्षांच्या बाईने सहा वर्षं रोज 250 एमएल घेतलं आणि तिचं पोटॅशियम घसरलं, हाडं ठिसूळ झाली, डॉक्टरांनी 1998 मध्ये ती केस छापली आहे.

बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारून चालू केलं, गोळ्या होत्या तशाच. आधी आठ दिवस नुसतीच शुगर मोजून वहीत लिहिली, मग पंधरा दिवस व्हिनेगर घेऊन. आकडे आधीही 128 ते 140 मध्ये नाचत होते आणि नंतरही तिथेच. ज्या दिवशी रात्री भात टाळला त्या सकाळी मात्र 119. आता बाटलीतलं उरलेलं कांद्याच्या चकत्यांवर पडतं, तिखट-मीठ लावून, आणि बाबा ते मात्र आवडीने खातात.