गाणे भेट देण्याची रीत

आपले गाणे आपल्या गटातील सर्वांना मोफत द्यावयाचे असेल, तर ते देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे का, हे आधी तपासावे. एका गाण्यात निदान दोन हक्क असतात, शब्द व चाल यांचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. त्यामुळे रचना जुनी होऊन सर्वांना खुली झाली असली, तरी तिचे अलीकडे दुसऱ्या कोणी केलेले ध्वनिमुद्रण आपल्याला वाटता येत नाही. आपल्या ध्वनिमुद्रणासाठीही साथीदारांची संमती लेखी घ्यावी. ओळखीच्या माणसांकडे कागद मागणे अवघड वाटते खरे, पण दिलेली भेट पुढे वादात सापडणे त्याहून अवघड. रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापराचे मानधन, गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद असाल, तर करार पुन्हा वाचावा, कारण काही करारांत हक्क संस्थेकडे सोपवलेले असतात आणि मग मोफत परवाना देणे आपल्या हाती उरत नाही.

नुसते ‘मोफत’ असे लिहिणे पुरेसे नाही, कारण प्रत काढून पुढे द्यावी का, किंवा त्यावर नवे संयोजन करावे का, हे त्यातून घेणाऱ्याला कळत नाही. यासाठी २००२ पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांपैकी, म्हणजे आपली कृती इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी हे सांगणाऱ्या तयार परवान्यांपैकी, एक निवडावा. ‘बीवाय’मध्ये श्रेय देणे एवढीच अट असते, ‘एसए’ जोडल्यास गाण्यात बदल करून प्रसिद्ध करणाऱ्यानेही तोच परवाना ठेवावा लागतो. व्यावसायिक वापर नाकारणारी ‘एनसी’ अट अनेक जण सवयीने लावतात, परंतु नाममात्र तिकीट असलेला कार्यक्रम तीत बसतो की नाही, या शंकेनेच प्रामाणिक माणूस मागे सरतो. बदललेले रूप प्रसिद्ध करण्यास मनाई करणारी ‘एनडी’ अट तर त्याहून जपून लावावी, कारण गाणे चित्रफितीला जोडणे हेही या परवान्यांत रूपांतर मानले जाते. एकदा दिलेला परवाना, घेणारा अटी पाळत असेपर्यंत, परत घेता येत नाही, म्हणून हा विचार आधीच व्हावा.

फाइल शक्यतो दोन स्वरूपांत द्यावी: जतन करण्यासाठी व नव्या कामासाठी फ्लॅक, ज्यात ध्वनीतील काहीही गळत नाही, आणि सहज ऐकण्यासाठी एमपी३. गायक, वादक, गीतकार, वर्ष व परवाना ही माहिती फाइलच्या टॅगमध्येच, म्हणजे फाइलच्या आत माहितीसाठी असलेल्या रकान्यांत, भरावी, कारण हातोहात फिरताना सोबतची चिठ्ठी हमखास हरवते. गटात वाजवणारे लोक असतील, तर प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा द्यावा. सर्व ट्रॅक एकाच क्षणापासून सुरू होतील असे पाहावे, आणि स्वरपट्टी व लय फाइलच्या नावात लिहावी.