लाइन दहा एमबीची, पोर्ट एक जीबीचं: शाखेच्या राउटरवर दुमजली क्यूओएस

क्लायंटच्या यवतमाळ शाखेच्या रिसेप्शनवरून फोन आला तेव्हा मी नागपूरला, धंतोलीतल्या त्यांच्या मुख्य केंद्रात होते, जिन्याखालच्या त्या खोलीत, जिला सगळे कौतुकानं सर्व्हर रूम म्हणतात. मे महिना. एसी आपला घरघरतोय, आणि फोनवर पोरगी सांगतेय, "मॅडम, आवाज कटून राहिला. पेशंट नुसता हॅलो हॅलो करून राहिला."

मी म्हटलं, शक्यच नाही. आदल्याच दिवशी मी त्या राउटरवर क्यूओएस लावलं होतं, म्हणजे गर्दीत कोणती पॅकेट आधी सोडायची त्याचे नियम. उघडून पाहिलं तर आवाजाच्या क्लासमध्ये (एका प्रकारच्या पॅकेटांच्या गटात) ड्रॉप, म्हणजे टाकून दिलेली पॅकेट, शून्य, बाकीच्या क्लासमध्येही शून्य. म्हणजे फोनच खराब, असा निकाल देऊन मी मोकळी झाले. तीन दिवस त्या लोकांनी फोन बदलले, केबली बदलल्या, स्विचचं पोर्ट बदललं. सगळीकडे शून्य ड्रॉप म्हणजे माझी पॉलिसी काहीच करत नाहीये, हे चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं.

तेव्हा चुकलं ते काय, आणि आता मी कसं लावते, ते लिहून ठेवते. पद्धत सिस्कोच्या आयओएस आणि आयओएस-एक्सईची आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; राउटरला त्या अर्थातच रोमनमध्ये द्यायच्या, पॉलिसींच्या नावांसकट.

आधी मांडणी. हे क्लायंट म्हणजे तपासणी केंद्रांची साखळी. रेडिओलॉजिस्ट धंतोलीत बसतात, सीटी मशिन शाखांमध्ये. शाखेत स्कॅन झाला की चित्रं धंतोलीला येतात. एक स्कॅन ५०० एमबीचा धरा (स्कॅनचे एमबी म्हणजे मेगाबाइट, लाइनचे मेगाबिट; एका बाइटचे आठ बिट). दहा एमबीपीएसच्या लाइनवर त्याला सात मिनिटं लागतात, आणि ती सात मिनिटं लाइन तुडुंब. त्याच लाइनवर फोन, बिलिंग, आणि मालकांना घरबसल्या बघायचे असतात ते कॅमेरे.

आता गोम अशी. प्रोव्हायडर दहा एमबीची लाइन देतो, पण ती येते गिगाबिट पोर्टवर. राउटरला दिसतं ते पोर्ट. त्याच्या लेखी त्याच्याकडे एक जीबीपीएसचा रस्ता आहे आणि त्यावर दहा-वीस एमबी चाललेत. गर्दी कुठाय? गर्दी नाही म्हणजे रांग नाही, आणि रांग नाही तर आवाजाला पुढे काढायचं कोणाच्या? क्यूओएसच्या रांगा गर्दी झाल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. पॅकेट आली तशी बाहेर पडतात आणि पलीकडे प्रोव्हायडरच्या पोलिसरवर जाऊन आदळतात. तो पोलिसर म्हणजे कळमना मार्केटच्या गेटवर उभा केलेला माणूस समजा: आकडा भरला की पुढची गाडी परत, आत संत्री आहेत की कडबा ते तो बघत नाही.

"ग्राफवर तर लाइन साठ टक्केच भरलेली दिसते," असं कोणीतरी म्हणतंच. तो ग्राफ पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो. गिगाबिट पोर्ट एका मिलिसेकंदात दहा लाख बिट बाहेर फेकू शकतं; दहा एमबीच्या लाइनच्या वाट्याला तेवढ्या वेळात येतात दहा हजार. पोलिसर थोडी उसळी सहन करतो, त्यापुढचं टाकून देतो. सरासरीत हे कधीच दिसत नाही.

म्हणून करायचं काय, तर गर्दी प्रोव्हायडरच्या गेटवरून उचलून आपल्या अंगणात आणायची. बाहेरची पॉलिसी राउटरला सांगते, "तुझं पोर्ट कितीही मोठं असो, तू साडेनऊच सोडायचे." त्यामुळे रांग आपल्याकडे तयार होते. आतली पॉलिसी त्या रांगेत कोण पुढे, कोण मागे ते ठरवते. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाचं उदाहरण इथे सगळे देतात, मीही पूर्वी द्यायची, पण ते चुकतं. पुलावर मजले एकमेकांना समांतर असतात; इथे एका पॉलिसीच्या पोटात दुसरी आहे.

आतली आधी लिहा, कारण बाहेरची तिचं नाव घेते. यातलं डीएससीपी म्हणजे पॅकेटवर लावलेली खूण; ईएफ, एएफ२१, एएफ११ ही त्या खुणांची नावं.

क्लास-मॅप मॅच-एनी आवाज
मॅच डीएससीपी ईएफ
क्लास-मॅप मॅच-एनी बिलिंग
मॅच डीएससीपी एएफ२१
क्लास-मॅप मॅच-एनी चित्रं
मॅच डीएससीपी एएफ११

पॉलिसी-मॅप आतली
क्लास आवाज
प्रायॉरिटी पर्सेंट १०
क्लास बिलिंग
बँडविड्थ रिमेनिंग पर्सेंट ४०
क्लास चित्रं
बँडविड्थ रिमेनिंग पर्सेंट ४०
क्लास क्लास-डिफॉल्ट
बँडविड्थ रिमेनिंग पर्सेंट २०
फेअर-क्यू

पॉलिसी-मॅप बाहेरची
क्लास क्लास-डिफॉल्ट
शेप अ‍ॅव्हरेज ९५०००००
सर्व्हिस-पॉलिसी आतली

आणि इंटरफेसवर: सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट बाहेरची. आतली थेट इंटरफेसवर लावायची नाही. मी केली ती चूक हीच.

बाहेरच्या पॉलिसीत एकच क्लास आहे, क्लास-डिफॉल्ट, हे बघून नवी मुलं गोंधळतात. बरोबरच आहे ते. बाहेरच्या मजल्यावर निवडानिवड नाही, फक्त शेपची, म्हणजे वेग रोखून धरणारी, तोटी आहे. आतले टक्के या साडेनऊवर मोजले जातात, गिगाबिटवर नाही.

दहाऐवजी साडेनऊ का? प्रोव्हायडरचं मोजमाप आणि आपलं मोजमाप जुळेलच असं नाही. इथरनेटवर प्रत्येक फ्रेममागे प्रिअँबल, मधली मोकळी जागा आणि शेवटचा चेकसम असे २४ बाइट जातात, जे राउटर सहसा हिशेबात धरत नाही. मोठ्या १५०० बाइटच्या पॅकेटला त्याचं काही वाटत नाही, दीड-दोन टक्के. पण आवाजाच्या २१८ बाइटच्या फ्रेमवर तोच फरक अकरा टक्के होतो. पाच टक्के सोडून द्या आणि शांत झोपा. क्लायंटला सांगताना मात्र जपून, कारण "आम्ही पैसे दहाचे देतो" हे वाक्य ऐकावं लागतंच.

जुन्या राउटरवर मी शेपच्या ओळीत दुसरा आकडाही देते, एका खेपेला सोडायचे बिट: ९५०००. म्हणजे राउटर दर दहा मिलिसेकंदांनी हिशेब करतो आणि आवाजाला लांबलचक विराम मिळत नाहीत.

आता आवाजाचे दहा टक्के कुठून आले ते सांगते, कारण इथे लोक डोळे मिटून तेहतीस लिहितात. आपले फोन आवाजासाठी जी.७११ हे कोडेक वापरतात. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. आवाज १६० बाइट, आयपी-यूडीपी-आरटीपीची डोकी ४०, इथरनेट आणि व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं नेटवर्क) टॅग मिळून १८. झाले २१८ बाइट. गुणिले आठ, गुणिले पन्नास: एका बाजूला ८७.२ केबीपीएस. साडेनऊ एमबीच्या दहा टक्क्यांत, म्हणजे ९५० केबीपीएसमध्ये, दहा कॉल बसतात, अकरावा बसत नाही.

आणि अकरावा आला तर काय होतं, ते अनुभवल्याशिवाय पटत नाही. फक्त अकराव्याचा आवाज तुटत नाही, अकराच्या अकरांचा तुटतो, कारण मर्यादेबाहेरची पॅकेट टाकताना ती कोणत्या कॉलची हे राउटर बघत नाही. त्यातही ही मर्यादा गर्दी असतानाच लागू होते. चित्रं जात नसतील तेव्हा पंधरा कॉलही छान चालतात. स्कॅन सुरू झाला की सगळे बिघडतात. म्हणून तक्रार "कधी कधी" अशी येते. उपाय राउटरवर नाही, फोन एक्सचेंजवर आहे: त्या शाखेसाठी एकावेळी दहाच कॉल, असा आकडा तिथे घाला.

बँडविड्थ रिमेनिंगचा अर्थ एवढाच: आवाजाला दिल्यावर जे उरलं त्याची वाटणी. आणि ती किमान हमी आहे, कमाल मर्यादा नाही. बिलिंग गप्प असेल तर त्याचा वाटा चित्रं घेतात. क्लायंटचे अकाउंटंट मला विचारत होते, "म्हणजे आमचे चाळीस टक्के वाया जातात का?" जात नाहीत.

चित्रांची रांग लांब करायचा मोह आवरा. १५०० बाइटची ६४ पॅकेट साडेनऊ एमबीवर बाहेर पडायला ८१ मिलिसेकंद लागतात. रांग १००० केली तर सव्वा सेकंद, तेही पूर्ण लाइन एकट्या चित्रांना मिळाली तर. ड्रॉप कमी दिसतील, पण पाठवणाऱ्या बाजूच्या टीसीपीला, जो ड्रॉप बघून वेग कमी करतो, गर्दीची वर्दी उशिरा मिळेल.

खुणा लावण्याचं काम मात्र रांगेच्या आधीचं, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. फोन स्वतः ईएफ लावतात, पण शाखेतल्या स्विचनं ती खूण पुसली नाही ना, ते बघा. चित्रांसाठी मी लॅनकडच्या इंटरफेसवर इनपुट पॉलिसी लावते. ही चित्रं डायकॉम या पद्धतीनं जातात; तिची पोर्टं १०४ आणि ११११२. अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये तीच पकडून सेट डीएससीपी एएफ११. बिलिंगला सर्व्हरचा आयपी पुरतो. रांगा फक्त आउटपुटला लागतात, इनपुटला नाहीत. म्हणूनच शाखेकडून वर येणाऱ्या चित्रांचा बंदोबस्त शाखेच्या राउटरवरच करावा लागतो, धंतोलीत बसून होत नाही.

धंतोलीहून शाखांकडे जाणारी बाजू वेगळी. इथे लाइन पन्नास एमबीची, शाखा चार: अमरावती आणि चंद्रपूर वीस-वीस, यवतमाळ आणि भंडारा दहा-दहा, प्रत्येकीचा व्हीलॅन निराळा. धंतोलीनं पन्नासच्या वेगानं यवतमाळकडे जुना स्कॅन सोडला तर दहाच्या लाइनवर पुन्हा तोच पोलिसर. म्हणून इथे तिसरा मजला येतो. सगळ्यात वर क्लास-डिफॉल्ट, शेप ४७५०००००. त्याच्या पोटात शाखांची पॉलिसी: मॅच व्हीलॅन ११०, १२० असे क्लास, प्रत्येकाला आपापला शेप, १९ किंवा साडेनऊ एमबी. आणि त्या प्रत्येकाच्या पोटात 'आतली'. शाखांची बेरीज सत्तावन्न होते, वरचे साडेसत्तेचाळीस, आणि ते चालतं, कारण चारही शाखा एकदम ओढत नाहीत. ओढल्याच तर बँडविड्थ रिमेनिंग रेशो २०, २०, १०, १० दिला की वाटणी त्या प्रमाणात होते. इथे शाखेशाखेचे आवाजाचे टक्के मात्र पुन्हा हिशेबानं बघा. वीसच्या शाखेत दहा टक्के म्हणजे एकवीस कॉल.

या चारांखेरीज वर्धा शाखा साध्या ब्रॉडबँडवर आयपीसेकनं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या बोगद्यानं, जोडली आहे, आणि तिनं मला वेगळाच धडा दिला. राउटर आधी एन्क्रिप्ट करतो, तेव्हा पॅकेटला क्रमांक मिळतो, आणि मग रांग लावतो. आवाज पुढे निघून जातो, चित्रं मागे राहतात. पलीकडचा राउटर पाहतो की क्रमांक फारच जुना आहे, आणि पॅकेट टाकून देतो. त्याची खिडकी, म्हणजे किती मागचा क्रमांक चालेल ती मर्यादा, मुळात ६४ पॅकेटांची. लॉगमध्ये 'रिप्ले चेक फेल्ड' दिसलं की समजा हेच. उपाय, खिडकी मोठी करा: क्रिप्टो आयपीसेक सिक्युरिटी-असोसिएशन रिप्ले विंडो-साइज १०२४, दोन्ही टोकांना.

लावण्याआधी एक सवय. यवतमाळ इथून दीडेकशे किलोमीटर, आणि उन्हात एसटीनं जाऊन कन्सोल केबल जोडायची माझी हौस केव्हाच फिटली आहे. दूरच्या राउटरला हात लावण्याआधी कॉन्फिग सेव्ह करा, रीलोड इन १० द्या, मग बदल करा. हातातून सुटला तर दहा मिनिटांनी तो आपला आपण जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक असेल तर रीलोड कॅन्सल, आणि मगच सेव्ह. कॅन्सल विसरलात तर भर ओपीडीत राउटर बसेल, आणि तेव्हा सांगायला कारण राहणार नाही.

तपासायला लाइन मुद्दाम भरा. संध्याकाळी सातनंतर शाखेतून धंतोलीकडे आयपर्फ३ (लाइन भरून वेग मोजणारं साधन) सोडते आणि तो चालू असताना रिसेप्शनला फोन लावते. आवाजाच्या क्लासची चाचणी घेताना एक फसगत ठरलेली: ईएफ म्हणजे डीएससीपी ४६, पण आयपर्फ किंवा पिंग मागतात तो टॉस बाइट, ज्यात डीएससीपी दोन बिट वर सरकलेला असतो, म्हणजे ४६ गुणिले चार, १८४. ४६ लिहिलंत तर पॅकेट भलत्याच क्लासमध्ये पडतात आणि तुम्ही तासभर क्लास-मॅपकडे बघत बसता.

मग शो पॉलिसी-मॅप इंटरफेस. आवाजात पॅकेटच शून्य असतील तर खूण हरवली आहे, स्विचकडे जा. आवाजात ड्रॉप असतील तर कॉल मोजा. आवाज स्वच्छ, पण चित्रांत किंवा डिफॉल्टमध्ये ड्रॉप वाढतायत, तर सोडून द्या.

परवा क्लायंटचा नवा आयटीवाला मुलगा यवतमाळहून फोन करून म्हणाला, "मॅडम, चित्रांमध्ये दोनशे ड्रॉप दिसून राहिले, काय करू?" मी विचारलं, रिसेप्शनवर कोणी हॅलो हॅलो करतंय का? तो म्हणाला, नाही. म्हटलं, मग चहा घे.