एल-९ तक्ता छापलाय त्या क्रमाने चालवू नका

माझ्या संशोधनाचा विषय साधाच होता: गाडीच्या बॉडीतलं स्पॉट वेल्डिंग. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, आणि नगेट (दोन पत्रे वितळून जिथे एक होतात तो गोळा) भरीव यावं म्हणून करंट, दाब, वेळ किती ठेवायचा. तागुची पद्धत, म्हणजे सगळ्या जोड्या न करता ठरलेल्या तक्त्यातली मोजकीच सेटिंग तपासायची. माझा तक्ता एल-९: ९ सेटिंग, प्रत्येकी ३० वेल्ड. इथवर तुम्हाला ठाऊक असेलच.

आता पुढचं सावकाश वाचा. एल-९ च्या तक्त्यात पहिला स्तंभ १-१-१, २-२-२, ३-३-३ असा असतो. मी तिथे करंट टाकला आणि वरून खाली वेल्ड मारत गेलो. आधी कमी करंट, शेवटी जास्त. सेटिंग कमी वेळा बदलावं लागतं, म्हणून खूशही होतो. पण पत्रा दाबून करंट देणाऱ्या तांब्याच्या टोकात, म्हणजे टिपेत, जस्त मुरतं, तोंडावर पितळ धरतं, टिप चेपून पसरते. ६ मिमीचं तोंड ७ मिमी झालं की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं आणि तेवढाच करंट जास्त जागेत विरतो. मी करंट वाढवत होतो, टिप तो खात होती. निष्कर्ष लिहिला, 'करंटचा परिणाम नगण्य'. आलेख तर इतका देखणा, की गाइडनीही मान डोलावली.

लाइनवरच्या एका ऑपरेटरकाकांनी आलेखाकडे धड पाहिलंही नाही. "टिप कधी ड्रेस केली होती?" ड्रेस करणं म्हणजे टिपेचं तोंड तासून पुन्हा मूळ आकारात आणणं. मी गप्प. त्यांनी दोन टिपांमध्ये कोरा कागद आणि कार्बन ठेवून नुसता दाब दिला. ठसा गोल नव्हताच. एका बाजूला ओघळलेला, मध्ये पांढरा. चार महिने पाण्यात.

गाइड निवडताना सगळे पेपर मोजतात. ते लाइनवर शेवटचे कधी उभे राहिले, तेही विचारा. आणि आधी सिम्युलेशन, मग मशीन, हा शॉर्टकट मला तरी कधी पटला नाही. झिजलेली टिप त्यात सहसा कोणी टाकत नाही.

घाबरू नका, हे दुरुस्त होतं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. प्रत्येक सेटिंगआधी टिप ड्रेस करा, ड्रेसिंगनंतरचा कितवा वेल्ड ते रीडिंगशेजारी लिहा. पहिलं सेटिंग शेवटी पुन्हा मारा. नगेटचा व्यास जुळला नाही, तर तक्त्याबाहेरचं काहीतरी बदलतंय, तिथेच थांबा. मला दुसऱ्या खेपेला तीनच आठवडे लागले. पत्रे सोलून नगेट मोजायला तोवर हात बसला होता.