रात्रीची भूक सुरू होते सकाळीच

रात्री साडेदहाला फ्रिजचं दार उघडून उभं राहायची वेळ रोजच येत असेल, तर चूक बहुधा रात्रीची नसते. कॅलरी मोजणारी माणसं दिवसभर हात राखून खातात, संध्याकाळी व्यायाम करतात आणि रात्री शरीर सगळी थकबाकी एकदम मागतं. त्यातून भूक मुळात सकाळी कमी आणि संध्याकाळनंतर जास्त लागते. शरीराचं घड्याळच तसं चालतं. इच्छाशक्तीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आधी तीन दिवसांचं खाणं वेळेसकट लिहून काढा. १८०० कॅलरींचं उद्दिष्ट असलेल्या माणसाची वही साधारण अशी निघते: नाश्ता १५०, दुपारी ४००, सहाला व्यायाम, आठला जेवण ५००. म्हणजे ७५० कॅलरी अजून शिल्लक आणि माणूस उपाशी. मग बिस्किटांचा पुडा उघडतो आणि हिशेब २२०० वर जातो. तेच १८०० असे वाटा: नाश्ता ४५०, दुपारी ५००, व्यायामानंतरचं जेवण ६००, आणि २५० रात्री साडेनऊसाठी मुद्दाम राखलेले. राखीव खाणं हिशेबातलंच असतं, त्यामुळे ते खाताना चोरी केल्यासारखं वाटत नाही.

एवढं करूनही भूक राहिली तर तूट तपासा, म्हणजे खर्चापेक्षा किती कॅलरी कमी खाता ते. रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट बहुतेकांना झेपते. ८००-९०० ची तूट काही दिवस जमते, मग एका रात्रीत फिटते. उलट चूकही होते. मनगटावरचं घड्याळ ‘५०० कॅलरी जळल्या’ म्हणतं म्हणून तेवढं जास्त खाल्लं जातं. हे आकडे बरेचदा फुगलेले असतात. परत खायचंच असेल तर निम्मे धरा.

आता ताटात काय हवं ते. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ७० किलोला ११२ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या तीन खाण्यांत प्रत्येकी ३२ आणि रात्रीच्या खाण्यात १६. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.) सोबत वाटीभर डाळ किंवा कडधान्य आणि अर्धं ताट भाजी. बटाट्याला उगाच बदनाम केलंय. १९९५ साली ऑस्ट्रेलियात ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींचे खायला देऊन पोट किती भरतं ते मोजलं, तेव्हा उकडलेला बटाटा पहिला आला आणि क्रोसाँ (लोण्याचा पदरदार पाव) शेवटचा. तळला की मात्र गणित फिरतं: एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी.

रात्रीच्या २५० मध्ये २०० ग्रॅम कमी स्निग्धांशाचं साधं दही (सुमारे १२५), एक उकडलेलं अंडं (७५) आणि अर्धं सफरचंद (५०) बसतं. प्रथिनं साधारण १६ ग्रॅम. बदाम चांगलेच, पण २८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २३ बदाम, १६० कॅलरींचे. मोजून वाटीत काढा आणि डबा कपाटात ठेवूनच बसा. पीनट बटरच्या बरणीत चमचा घातला की वजनकाट्याचा काही उपयोग उरत नाही.

खरी भूक की नुसती चाळवाचाळव, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: आत्ता मीठही न लावलेलं उकडलेलं अंडं खाशील का? ‘हो’ असेल तर खा. ‘नको, चॉकलेट हवंय’ असेल तर दात घासा, दिवा मालवा. पाणी पिऊन खरी भूक मारायला जाऊ नका. ती तासाभरात परत येते, वर मध्यरात्री लघवीला उठवते ते वेगळंच.

झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, म्हणून सलग तीन-चार रात्री पाच तासांवर काढल्या असतील तर ताट बदलण्याआधी झोप सुधारा. दुपारी दोननंतरची कॉफीही बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना रात्री भुकेसोबत घाम, थरथर, धडधड जाणवली तर आधी साखर तपासावी. रोज झोपेतून उठून खावंच लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

वाटणी बदलल्यावर किमान दहा दिवस थांबा. पहिल्या चार-पाच रात्री जुन्या वेळेला पोट कुरकुरतंच.