कृष्णकमळ: वेल फुलवायची आणि फूल वाचायचं

वेल मांडवभर पसरली, फूल मात्र एकही नाही, ही कृष्णकमळाची नेहमीची तक्रार. कारणं बहुधा दोनच असतात: ऊन कमी किंवा खत जास्त. रोज ५-६ तास थेट ऊन हवं. नत्र वाढलं की नुसती पानंच पानं.

लागवड जून-जुलैत करा. पेन्सिलीएवढी जाड, ३-४ पेरांची, साधारण १५ सेंमी फांदी घ्या. खालची पानं काढून दोन पेरं निम्मी वाळू, निम्म्या कोकोपीटमध्ये खोचा आणि सावलीत ठेवा. मुळं फुटायला महिनाभर लागतो, तोवर उपटून बघायचा मोह आवरा. मग १४ इंची कुंडी: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. जमिनीत लावली तर काही जातींचे फुटवे पार दुसऱ्या वाफ्यात निघतात.

आधार बारीक द्या. तणावे (वेलीचे आधार पकडणारे बारीक तंतू) जाड बांबूला विळखा घालू शकत नाहीत. सुतळी किंवा तारेची जाळी चालते. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर वेल एक तृतीयांश छाटा. कळ्या धरल्यावर कुंडी वाळू देऊ नका, कळ्या गळतात. काटेरी सुरवंट दिसले तर ती नारिंगी फुलपाखराची पिल्लं, हाताने उचला. वेल मोठी असेल तर चारदोन राहू द्यायला हरकत नाही.

आता फूल जवळून बघा, एकच दिवस टिकतं. जांभळ्या तंतूंचं वर्तुळ म्हणजे शंभर कौरव (मोजायला बसू नका, आकडा जमेलच असं नाही). त्यांवरचे पाच पुंकेसर (पराग असलेले दांडे) पांडव, मधला हिरवा गोळा द्रौपदी, कुणी त्याला कृष्णही म्हणतं, आणि वरच्या तीन कुक्षी (पराग झेलणारी टोकं) ब्रह्मा-विष्णू-महेश. वेल मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे हा अर्थ आपल्याकडे नंतर जुळवलेला. पण जुळवणाऱ्याची नजर मानायला हवी. तिकडे स्पॅनिश मिशनऱ्यांनी याच फुलात येशूच्या यातना वाचल्या होत्या: तंतू काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर पाच जखमा, तीन कुक्षी तीन खिळे. बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य, पीटर आणि जूडास वगळून. त्या दहांतल्या पाच खरं तर निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. मागे टोकाशी बारीक आकडा असतो, त्यावरून ओळखा.

पूजेसाठी खुडायचं तर पूर्ण उमललेलंच खुडा, पण दोनचार वेलीवर ठेवा. नुकत्या उमललेल्या फुलात कुक्षी वर उभ्या असतात. तासाभराने परत बघा, त्या वाकून पुंकेसरांच्या पातळीला आलेल्या दिसतील. तेवढ्यात काळा भुंगा येतो, मधासाठी खाली घुसतो आणि पाठीवर पिवळा पराग घेऊन निघतो.