खुराड्याची राखण : या चुका टाळा

मुंबईत आरे वसाहतीतील पाड्यांत आणि गोराई-मनोरीच्या वाड्यांत आजही गावठी कोंबड्या पाळल्या जातात. जंगल आणि तिवरे इतकी जवळ असताना मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड आणि घूस यांचा वावर असणारच. तरीही पिल्लू नाहीसे झाले की शेजारच्या बोक्यावर आळ घेतला जातो आणि खुराडे कोणी तपासत नाही, ही पहिली चूक होय.

खुणा पाहिल्याशिवाय बंदोबस्त करू नये. मुंगूस दिवसा फिरते, म्हणून भर दुपारी अंगणातली पिल्ले गेली तर संशय त्याच्यावर घ्यावा. उदमांजर मात्र रात्री येते आणि झाडावरून छपरावर सहज उतरते. अंडी कवचासकट गायब असतील तर नाग किंवा घोरपड आली असावी, कवचाचे तुकडे विखुरलेले असतील तर मुंगूस, आणि तळाशी ताजी माती उकरलेली असेल तर घूस.

सर्वांत महागात पडणारी चूक जाळीची असते. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही, कारण त्याचे डोके ज्या फटीतून जाते तीतून बहुधा अंगही जाते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी, ती चारही बाजूंनी सुमारे फूटभर जमिनीत पुरावी, आणि जमीन खडकाळ असेल तर जाळीचा दीड-दोन फूट रुंद पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर अंथरून त्यावर दगड ठेवावेत. छपराखालची फटही याच जाळीने बंद करावी. खाऱ्या वाऱ्यामुळे खाडीकाठी तार लवकर गंजते, त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती हाताने ओढून पाहणे आवश्यक आहे.

दाराला नुसती दोरी बांधू नये. कडी-कोयंडा लावावा आणि दिवेलागणीपूर्वी कोंबड्या आत घ्याव्यात. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी व लहान पिल्ले जमिनीलगत बसत असल्याने त्यांना विशेष जपावे. सांडलेले दाणे रात्री तसेच राहिले तर उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतात.

विष किंवा फासा हा उपाय कदापि करू नये. मुंगूस, उदमांजर, रानमांजर आणि घोरपड यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. शिवाय विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडे मरतात, आणि तेच विष आपल्या कोंबड्यांच्याही चोचीत जाऊ शकते.

प्राणी खुराड्यातच अडकलेला आढळल्यास त्याला काठीने डिवचू नये. मुले व कुत्री दूर ठेवावीत, बाहेर पडण्याची वाट मोकळी सोडावी, आणि तो निघत नसेल किंवा साप असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.